८ जीबी रॅम, फ्लेक्सच्या फायली आणि पेजफाइल : बंद करू, वाढवू की हलवू?

पंचवटी_फ्लेक्स
नमस्कार. दुकानात डिझाइनचा एक पीसी आहे : आय-५ आठवी पिढी, ८ जीबी रॅम, २४० जीबी साटा एसएसडी (सी ड्राइव्ह, १४ जीबी शिल्लक) आणि १ टीबीची ७२०० आरपीएम हार्ड डिस्क (डी). विंडोज १०. सिंहस्थाच्या कामांमुळे २० बाय १० फुटांच्या फायली रोजच्या झाल्यात. फोटोशॉप, कोरल, क्रोम आणि प्रिंटरचं रिप सॉफ्टवेअर (डिझाइनची फाइल प्रिंटरला छापता येईल अशी करणारं) एकत्र चालू असलं की आधी सगळं गोठतं, मग “मेमरी कमी आहे, प्रोग्रॅम बंद करा” असा संदेश येतो. कोरल कधी कधी एकटंच “आउट ऑफ मेमरी” म्हणतं. सी वर जागा नव्हती म्हणून सर्व्हिसवाल्याने पेजफाइल (रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कवरची जी फाइल जास्तीची मेमरी म्हणून वापरतं ती) डी वर टाकून ४०९६ एमबी केली होती. आता दुसरा म्हणतो, पेजफाइल बंदच करा, सगळं रॅममध्ये चालेल. कोणाचं ऐकू? आधी रॅम घेऊ की एसएसडी?

गोदाकाठ
ताई, बंद अजिबात करू नका. आणि खरेदीच्या आधी आकडे द्या. नेहमीचं सगळं उघडं ठेवून, मोठी फाइल चालू असताना कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा. परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथले इन यूज, अव्हेलेबल, कमिटेड (दोन आकडे असतात, मध्ये तिरकी रेघ) आणि स्लॉट्स यूज्ड सांगा. मग डिटेल्स टॅबवर कोणत्याही रकान्याच्या मथळ्यावर राइट क्लिक करून ‘कमिट साइझ’ हा रकाना जोडा आणि वरची चार नावं लिहा. प्रोसेसेस टॅबवर कोणत्या नावापुढे ‘३२ बिट’ दिसतंय का, तेही बघा.

सिडको_सेक्टर
पेजफाइल बंद करून वर्षभर मस्त चालू आहे. रॅम क्लीनर टाका, एक क्लिक की ३ जीबी मोकळी.

गोदाकाठ
३२ जीबी रॅमवर ब्राउझर आणि सिनेमे असतील तर चालेल, ८ जीबीवर फ्लेक्स नाही चालणार. आणि तो क्लीनर काय करतो? चालू प्रोग्रॅमची पानं (विंडोज मेमरीचे जे छोटे तुकडे करतं ते) रॅममधून हुसकून लावतो. आकडा मोकळा दिसतो, पण त्या प्रोग्रॅमकडे परत गेलात की तीच पानं एकेक करून परत आणावी लागतात, त्यातली काही थेट डिस्कवरून. झाडून कचरा दारात ठेवायचा आणि पुन्हा आत घ्यायचा, असला प्रकार. काढून टाका.

पंचवटी_फ्लेक्स
आकडे : इन यूज ७.१, अव्हेलेबल ०.७, कमिटेड ११.६ / ११.९ जीबी. स्लॉट २ पैकी १. कमिट साइझ : फोटोशॉप ५.२, क्रोमचे सगळे मिळून २.४, कोरल १.६, रिप ०.८. कोरलपुढे ३२ बिट लिहिलंय.

गोदाकाठ
दुखणं तिथेच दिसतंय : ११.६ / ११.९.

तो दुसरा आकडा म्हणजे कमिट लिमिट. रॅम अधिक सगळ्या पेजफायली, इतकी साधी बेरीज. तुमची ७.९ आणि ४, म्हणून ११.९. प्रोग्रॅमने मेमरी मागितली की विंडोज त्याला शब्द देतं : ‘वापरशील तेव्हा जागा मिळेल.’ या दिलेल्या शब्दांची बेरीज लिमिटच्या वर कधीच जाऊ देत नाही. पंगतीला जितकी ताटं मांडता येतील, पडवी (म्हणजे पेजफाइल) धरून, तितकीच आमंत्रणं. आता प्रोग्रॅम मागतात भरपूर, वापरतात कमी. म्हणून पेजफाइल बंद केली की पडवी गेली, लिमिट थेट ७.९ वर आलं, आणि रॅममध्ये दीड-दोन जीबी मोकळी दिसत असतानाही फोटोशॉपला नकार मिळतो. ‘मोकळी आहे तरी मेमरी कमी कशी’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

बंद केल्याने डिस्कची खडखड थांबते, हाही गैरसमज. प्रोग्रॅमचा कोड पेजफाइलमध्ये जातच नाही, तो मूळ ईएक्सई आणि डीएलएल फायलींमधून हवा तेव्हा पुन्हा वाचता येतो. पेजफाइल नसेल तर तुमचं न वापरलेलं चित्र बाहेर ठेवायला जागा नाही, मग विंडोज कोडची पानं टाकून देतं आणि पुन्हा पुन्हा वाचतं. म्हणजे गोठणं राहतंच, फक्त ठिकाण बदलतं.

आता गोठणं. तुमची पेजफाइल फिरत्या डिस्कवर आहे. ७२०० आरपीएम म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद, सरासरी अर्धी फेरी वाट पाहायची, म्हणजे ४.२. हेड जागेवर न्यायला साधारण ९. एका पानामागे १३ मिलिसेकंद धरा, सेकंदाला पंच्याहत्तरेक पानं. एक पान ४ केबीचं. म्हणजे विखुरलेली पानं आणायची तर सेकंदाला ३०० केबी! १०० एमबी परत आणायला २५,६०० पानं, साडेपाच मिनिटांच्या वर. विंडोज शेजारची पानं एकत्र उचलतं म्हणून प्रत्यक्षात इतकं वाईट होत नाही, पण कर्सर गोल फिरत बसतो तो याच हिशोबाने. साध्या साटा एसएसडीवर तेच पान एक दशांश मिलिसेकंदाच्या आसपास येतं. सर्व्हिसवाल्याने जागा वाचवली ती नेमक्या चुकीच्या ठिकाणी.

आज बिनपैशात करण्यासारखं :

आधी सी वर किमान ३० जीबी मोकळं करा. डाउनलोड्स आणि जुन्या ऑर्डरी डी वर. डिस्क क्लीनअपमध्ये ‘क्लीन अप सिस्टीम फाइल्स’. हायबरनेट वापरत नसाल तर अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, जागा, स्लॅश एच, जागा, ऑफ (टाइप अर्थात इंग्रजीत). हायबरफिल ही फाइल जाते, ती सहसा रॅमच्या ४० टक्के असते, म्हणजे तुमची ३.२ जीबी. सोबत फास्ट स्टार्टअपही जाईल, एसएसडीवर त्याचं दुःख नाही.

मग विंडोज की अधिक आर, सिसडीएम डॉट सीपीएल, अ‍ॅडव्हान्स्ड, परफॉर्मन्सखालचं सेटिंग्ज, पुन्हा अ‍ॅडव्हान्स्ड, व्हर्च्युअल मेमरीत चेंज. वरची ‘ऑटोमॅटिकली मॅनेज’ची खूण काढा. सी निवडून ‘सिस्टीम मॅनेज्ड साइझ’, आणि ‘सेट’ दाबा. डी निवडून ‘नो पेजिंग फाइल’, पुन्हा ‘सेट’. मग ओके, रीस्टार्ट. सेट न दाबता ओके केलं तर काहीच बदलत नाही, आणि निम्मी मंडळी इथेच फसतात.

अंबड_लिंक_रोड
सगळं पटलं, एक सोडून. सिस्टीम मॅनेज्डपेक्षा ठरावीक आकडा द्यावा : इनिशियल ८१९२, मॅक्सिमम १६३८४. विंडोज स्वतः ठरवतं तेव्हा कमाल मर्यादा रॅमच्या तिप्पट किंवा ४ जीबी, जे जास्त असेल ते, पण ड्राइव्हच्या एक अष्टमांशापर्यंतच. इथे ती २४ जीबी निघते. कागदावर छान, पण सी वर तेवढी जागा मोकळी असेल तरच फाइल वाढणार. फोटोशॉपचा स्क्रॅचही (त्याची डिस्कवरची तात्पुरती जागा) मुळात सी वरच असतो. ऐन कामात दोघं एकाच जागेवर भांडतात. ८ जीबी आधीच अडवून ठेवलेली बरी.

गोदाकाठ
मान्य, या पीसीवर तरी. इनिशियल आणि मॅक्सिमम एकच आकडा देऊ नका एवढंच, वाढायला वाव ठेवा. आणि ‘रॅमच्या दीडपट’ हा जुना ठोकताळा कोणी सांगितला तर सोडून द्या. ६४ जीबीवाल्याने ९६ जीबीची पेजफाइल कशाला करायची? सगळ्यात जड दिवशीचा कमिटेड बघायचा, त्यातून रॅम वजा करायची, वर ऐसपैस जागा ठेवायची.

फोटोशॉप_पाठशाळा
स्क्रॅच आणि पेजफाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोणीतरी सांगायलाच हवं होतं. पेजफाइल विंडोजची, सगळ्यांसाठी. स्क्रॅच फोटोशॉपची खासगी, त्याला दिलेली रॅम संपली की तिथे ओततं. पेजफाइल कितीही वाढवा, ‘स्क्रॅच डिस्क्स आर फुल’ त्याने जात नाही.

ताई, फाइलचा हिशोब करा. २० बाय १० फूट १०० डीपीआयला : २४,००० गुणिले १२,००० म्हणजे २८.८ कोटी पिक्सेल. सीएमवायके, म्हणजे पिक्सेलला ४ बाइट. पूर्ण भरलेला एक लेयर १.१५ जीबी. अख्ख्या लेयरवर ब्लर मारला की हिस्टरीत आणखी एक १.१५ जीबी. रिकामा, पारदर्शक भाग जवळपास फुकट असतो, म्हणून मजकुराचे लेयर जड नसतात, बॅकग्राउंडचे असतात. हीच फाइल ७२ डीपीआयला केली तर लेयर ०.६ जीबी, जवळजवळ निम्मा. चौकातल्या होर्डिंगला, जे लोक चाळीस फुटांवरून गाडीवर बसून बघणार, ७२ पुरतं. गिऱ्हाईक ३०० चा आग्रह धरेल, तर त्याला सांगा की लेयरला १०.४ जीबी लागतात आणि पीएसडी फाइलची ३०,००० पिक्सेलची मर्यादाही ओलांडली जाते.

प्रेफरन्सेस, परफॉर्मन्समध्ये हिस्टरी स्टेट्स २० वर आणा. मेमरी ७० टक्के असते ती ६० करा, कारण शेजारी कोरल आणि रिपही जेवायला बसलेत. स्क्रॅच सध्या पहिली पसंती सी, दुसरी डी. फोटोशॉप उघडेचना इतका स्क्रॅच भरला तर सुरू होताना कंट्रोल-ऑल्ट दाबून ठेवा, ड्राइव्ह निवडायची खिडकी येते.

कोरलचं दुखणं मात्र निराळं आहे. ३२ बिट प्रोग्रॅमला विंडोज सहसा २ जीबी पत्त्यांची जागा देतं, तशी सोय ठेवून बांधला असेल तर ६४ बिट विंडोजवर ४. तुमचं १.६ वर पोचलंय, उरलेली जागा तुकड्यातुकड्यांत असते, मोठं बिटमॅप आलं की “आउट ऑफ मेमरी”. ६४ जीबी रॅम घातली तरी हे जाणार नाही. ६४ बिट आवृत्ती टाका, नाहीतर बिटमॅप आत न भरता बाहेरून लिंक करा.

द्राक्षबाग_लिनक्स
धाग्यात घुसतो. काउंटरवर ४ जीबीचा जुना पीसी आहे, लिनक्स मिंट. तिकडे संदेश वगैरे काही नाही, ब्राउझर गपकन बंद होतो. स्वॅप (लिनक्सची पेजफाइल) किती ठेवू?

गोदाकाठ
लिनक्सचा स्वभाव उलटा. तो आमंत्रणं सढळ हाताने वाटतो, सगळे एकदम येत नाहीत या भरवशावर. आले, तर ओओएम किलर (मेमरी संपली की एखादा प्रोग्रॅम बंद करणारा लिनक्सचा भाग) पंगतीतून एकाला उठवतो, सहसा सगळ्यात जास्त जागा अडवून बसलेल्याला. म्हणून ब्राउझर. ‘डीमेसेज’ या कमांडमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ची ओळ सापडेल.

४ जीबीला ४ जीबीची स्वॅप फाइल पुरे. डीडीने शून्यं भरून फाइल बनवा, चेमॉडने ६०० परवानगी (ती राहिली तर तुमच्या मेमरीतलं इतरांना वाचता येईल), मग एमकेस्वॅप, स्वॅपऑन, आणि एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय काय जोडायचं त्याची फाइल) ओळ. ती ओळ विसरलात तर रीस्टार्टनंतर स्वॅप गायब. फाइल सिस्टीम बीटीआरएफएस असेल तर रिकामी असतानाच फाइलचं कॉपी-ऑन-राइट बंद करावं लागतं, नाहीतर स्वॅपऑन नकार देतो. ईएक्सटी४ ला ही भानगड नाही.

डिस्क फिरती असेल तर त्याआधी झेडरॅम लावा, पॅकेज झेडरॅम-टूल्स, आकार रॅमच्या निम्मा, प्राधान्य डिस्कच्या स्वॅपपेक्षा वरचं. पानं रॅममध्येच दाबून ठेवतो, थोडा प्रोसेसर खातो. स्वॅपिनेस (लिनक्स स्वॅपकडे किती चटकन वळतं तो आकडा) मुळात ६०. झेडरॅमवर १०० करा, कर्नल ५.८ पासून २०० पर्यंत चालतं.

आणि ‘फ्री’ कमांडमध्ये स्वॅप वापरलेला दिसला म्हणून घाबरू नका. तासभर न लागलेली पानं तिकडे पडून राहिली तर बिघडलं काय? ‘व्हीएमस्टॅट १’ चालवून एसआय आणि एसओ (स्वॅपमधून आत येणारं आणि स्वॅपमध्ये जाणारं) हे रकाने बघा. दोन्हीकडे सतत मोठे आकडे पळत असतील तर रॅम खरंच कमी आहे.

अंबड_लिंक_रोड
खरेदीबद्दल. आधी रॅम. स्लॉट रिकामा आहेच : डेस्कटॉपची लांब डीडीआर४ पट्टी, ८ जीबी, २६६६. जुन्या पट्टीचा वेग टास्क मॅनेजरमध्ये बघून जा, दोन वेगांच्या घातल्या तर दोन्ही हळूच्या चालीने चालतात. दोन समान पट्ट्यांनी ड्युअल चॅनेल होतं (दोन्ही पट्ट्या एकदम वापरल्या जातात), प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला त्याचा फायदा. एम.जी. रोडवर घ्या की ऑनलाइन, बिलावर वॉरंटी लिहून घ्या आणि घरी आल्यावर एमडीशेडने (विंडोजचं रॅम तपासायचं साधन) रात्रभर तपासणी लावा. सदोष पट्टीचा त्रास पहिल्या दिवशी दिसत नाही, छापताना फाइल खराब निघते तेव्हा दिसतो.

मग दुसरी ५०० जीबीची एसएसडी, फक्त स्क्रॅच आणि चालू कामांसाठी. फिरती डिस्क जुन्या ऑर्डरींना. पेनड्राइव्हवर पेजफाइल किंवा स्क्रॅच ठेवायच्या युक्तीच्या नादी लागू नका.

पंचवटी_फ्लेक्स
पेजफाइल सी वर आणली, ८१९२ ते १६३८४. तीच फाइल, तेच प्रोग्रॅम : कमिटेड ११.७ / १५.९. संदेश आला नाही, गोठणं सेकंदा-दोन सेकंदांवर आलं. रॅम शनिवारी घेते. एक शंका राहिली : सतत लिहून एसएसडी लवकर मरेल का?

गोदाकाठ
खोक्यावर किंवा कंपनीच्या पानावर टीबीडब्ल्यू (एसएसडीवर एकूण किती टीबी लिहिता येईल तो आकडा) शोधा. समजा ८० आहे, आणि पेजफाइल-स्क्रॅच मिळून दिवसाला २० जीबी लिहिलं जातंय. ८०,००० भागिले २०, चार हजार दिवस, जवळजवळ अकरा वर्षं. क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून ‘टोटल होस्ट राइट्स’ आज लिहून ठेवा, महिन्याने पुन्हा बघा, म्हणजे तुमचा खरा आकडा कळेल. रॅम आल्यावर तो आपोआप घटेल. नवी पट्टी लागली की पेजफाइल मात्र काढू नका, आहे तशीच राहू द्या.