रेम्ब्रांटच्या एचिंगची डावी बाजू अर्धवट आहे की मुद्दाम तशी?

ड्रॉइंग मास्तर, फोंडा
नमस्कार मंडळी. नववीच्या पोरांना काळ्या-पांढऱ्याचा तोल दाखवायला डच चित्रकार रेम्ब्रांटचं 'शंभर गिल्डरचं' (गिल्डर म्हणजे जुनं डच नाणं) एचिंग (साधारण १६४८) घेतलं. एचिंग म्हणजे तांब्याच्या प्लेटवर ॲसिडनं रेघा कोरून छापलेलं चित्र. मधोमध येशू. उजवीकडे आजारी माणसं, हातगाडीवर घालून आणलेला एक जण, कमानीत उंट, सगळं गडद. डावीकडचे वाद घालणारे धर्मपंडित मात्र नुसत्या बाह्यरेषांचे, छाया जवळजवळ नाहीच. एक मुलगी म्हणाली, "सर, हें अर्देंच सोडलां?"

मला ते अर्धवट वाटत नाही. अगदी डावीकडचा तो पाठमोरा, मोठ्या टोपीचा, काठीवाला माणूस बघा. मोजक्या रेघांत अख्खा ऐटबाज माणूस उभा केलाय. अडचण वेगळीच आहे. उजेड म्हणजे चांगलं, हे आम्हीच वर्गात शिकवतो. इथं ऐटीत वाद घालणारे उजेडात आणि दुखणाईत अंधारात. पोरांना काय सांगू?

प्रेसवाली, म्हापसा
मास्तर, आधी सांगा, प्रत कुठली दाखवलीत? उजवीकडचा काळा नुसत्या ॲसिडचा नाही. तांब्यावर थेट सुईनं ओरखडलं की रेघेच्या कडेला धातूची बारीक धार उठते, शाई तिथं धरते आणि मखमली काळा मिळतो. यालाच ड्रायपॉइंट म्हणतात. प्रेसमधून थोड्या प्रती निघाल्या की ती धार दबते आणि काळा करडा पडतो. पुढे १७७५ च्या सुमारास विल्यम बेली नावाच्या कॅप्टनने झिजलेली प्लेट घेऊन पुन्हा गिरवली, आणि शेवटी तिचे चार तुकडे केले! प्रत उशिराची असेल तर डाव्या-उजव्यातला फरकच बोथट दिसणार. रेम्ब्रांटने स्वतः जपानी कागदावर काढलेल्या प्रतीचा चांगला फोटो शोधा.

काणकोणकर
डावीकडचे पंडित आपापसांतच बोलतायत, येशूकडे धड बघतही नाहीत. आता उजवीकडे या. गुडघे टेकलेल्या म्हातारीच्या जोडलेल्या हातांची सावली थेट येशूच्या झग्यावर पडलीय. अंधारातली माणसं त्याला अशी शिवतात, उजेडातली नाहीत.

ड्रॉइंग मास्तर, फोंडा
बाई, प्रत करडीच होती, पावसाळ्यात बंद ठेवलेल्या घराच्या भिंतीसारखी. दुसरी शोधतो.

काणकोणकर बाब, सावलीचं पटलं. पण डावीकडचे सगळेच तसे नाहीत. मूल घेऊन आलेल्या आईला येशूचा शिष्य पीटर अडवतोय आणि येशू पीटरला आवरतोय, तेही त्याच बाजूला. जवळच तो श्रीमंत तरुण, भारी कपड्यांत, तोंडाशी हात धरून विचारात बसलेला. मुलं, तरुण, रोगी, पंडित, सगळे बायबलमधल्या मत्तयच्या एकोणिसाव्या अध्यायातले. या तरुणाला ना गडद केलंय ना कोरं सोडलंय. पोरांना त्याच्यापासूनच सुरुवात करायला लावतो: हा कुठल्या बाजूचा, ते रेघा बघून सांगा.