पुष्पा भावेंवर सेमिनार आहे, नाटकाच्या बाजूनं कुठून सुरू करू?

बर्डीचा_बाळ्या:
मंडळी, मी नागपुरातच एमए मराठी करून राहिलो. सेमिनारला पुष्पा भावे घेतल्या, पण जिथं पाहावं तिथं मृणाल गोरे, आणीबाणी, रमेश किणी मृत्यू प्रकरण हेच भेटते. नाट्यसमीक्षक आणि प्राध्यापक म्हणून बाई कशा होत्या ते कुठं वाचू? आणि चळवळीचा भाग वेगळा काढून ठेवला तर चालते का?

सिव्हिल_लाईन्स_ताई:
अरे सनावळ्या दोन ओळीत होतात. जन्म १९३९, मुंबई. मराठी-संस्कृतात एमए, मग कॉलेजात शिकवणं, त्यातही माटुंग्याचं रुईया जास्त माहीत आहे लोकांना. ऑक्टोबर २०२० मध्ये गेल्या. आता वाचायचं म्हणशील तर आधी त्यांचं नाटकावरचं पुस्तक 'रंग नाटकाचे', मग 'लढे आणि तिढे', ते मेधा कुळकर्णींनी त्यांच्याशी केलेल्या गप्पांचं आहे. आपल्याकडे नाटकावर लिहून कोणाचं घर चालत नाही, बहुतेक समीक्षक मास्तरच, आणि मला वाटतं तेच बरं आहे, पगार कॉलेजातून येत असला की निर्मात्याच्या फुकट पासची भीड राहत नाही.

झाडीचा_प्रेक्षक:
चळवळ काहून वेगळी काढतो बे? मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणणाऱ्या नामांतराच्या लढ्यातही होत्या त्या, आणि १९७९ चा लाँग मार्च आपल्या दीक्षाभूमीवरून निघाला होता, तेवढं तरी नागपूरच्या पोराला माहीत पाहिजे. शिवाय तो काळ बघ ना, १९७२ ला तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' आलं अन् सेन्सॉर, कोर्ट सगळं झालं, अशा वेळी नाटकावर लिहिणाऱ्याला फक्त अभिनय चांगला होता म्हणून सुटता येत नव्हतं, बाजू घ्यावीच लागे. माझं मत, एकत्रच लिही.

जुना_धनवटे:
ताईंचं पटलं, पण पास नसूनही लोक कुठं धड लिहितात? राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी झाली की दुसऱ्या दिवशी पेपरात तेच, "नेपथ्य साजेसे, प्रकाशयोजना पूरक, रंगभूषा अनुरूप". नाटक कशाबद्दल होतं ते शेवटपर्यंत समजत नाही, नावं मात्र सगळ्यांची, पडदा ओढणाऱ्यापर्यंत. एलकुंचवार इथंच कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, नाटककार दिला आपण, पण त्याच्यावर लिहिणारे पाहायला मुंबई-पुण्याकडेच तोंड करावं लागते. आणि आपल्या पूर्व विदर्भातली झाडीपट्टी रंगभूमी तर कोणाच्या खिजगणतीतच नाही, रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालते, मंडपात हजारो माणसं, अन् समीक्षा शून्य. भाऊ, सेमिनारमध्ये बाईंचे दोन लेख घे, त्या नाटकाकडे कोणते प्रश्न घेऊन जातात ते काढ, आणि तेच प्रश्न झाडीपट्टीतल्या वडस्याच्या एखाद्या नाटकाला विचारून बघ.

बर्डीचा_बाळ्या:
हे भारी आहे, पण सर झाडीपट्टी म्हटलं की नाक मुरडतात ना.

जुना_धनवटे:
सरांनाही घेऊन जा सोबत. दिवाळीनंतर सीझन सुरू होते, स्वेटर घालून जाजा, मंडपात लय थंडी वाजते.