लिंका पानातच ठेवायच्या की वेगळ्या?

येळ्ळूरचा_पोरगा:
नमस्कार मंडळी, बेळगाव-खानापूर भागातली गावं, किल्ले, देवळं यांची मराठी-कन्नड साइट कराय लागलोय, ३०० च्या आसपास पानं झालीत न् सगळ्या लिंका हातानं घातल्यात, परवा राजहंसगडाच्या पानाचा पत्ता बदलला तर चाळीसेक ठिकाणी लिंक मेली, आता नकाशे न् म्हाताऱ्या माणसांची रेकॉर्डिंगंपण जोडायचीत, म्हणजे परत सगळी पानं उघडायची काय? सोय सांगा की काहीतरी.

टेबलवाली_ताई:
पानात लिंक लिहूच नको रे. वेगळं टेबल कर: कुठून, कुठं, नातं काय (नकाशा, आवाज, कन्नड पान). नवीन प्रकार आला की टेबलात भर घालायची, पानाला हात नाही. आयडिया जुनीच आहे, साउथॅम्प्टन विद्यापीठात वेंडी हॉल आणि मंडळींनी मायक्रोकॉझम नावाची प्रणाली केली त्यात लिंका पानाबाहेर लिंकबेसमध्ये, म्हणजे लिंकांच्या वेगळ्या साठ्यात, असायच्या, आणि ठरलेला शब्द कुठल्याही पानात आला तरी तीच लिंक मिळायची, जेनेरिक लिंक. डब्ल्यूथ्रीसी, म्हणजे वेबचे नियम ठरवणारी संस्था, तिच्या २००१ च्या एक्सलिंक या लिंकांच्या स्टँडर्डमध्येपण बाहेरून लिंक द्यायची सोय होती, ब्राउझरवाल्यांनी ती काय मनावर घेतली नाही.

चिक्कोडी_रिटर्न:
टेबल बरोबर, पण जेनेरिक लिंक मराठीत लावून बघ म्हणजे कळेल. 'खानापूर' शोधलं तर 'खानापुरात' सापडत नाही, दीर्घाचा ऱ्हस्व होतो. 'हलगा' गावाचं 'हलग्याला' होतं म्हणून मी शहाणपणा करून नुसत्या 'हलग'वर जुळवलं, तर वाजवायच्या हलगीला गावाची लिंक!! बेळगावचं तर विचारूच नको, बेळगाव, बेळगावी, जुन्या कागदात बेलगाम, कन्नड पानात लिपीच वेगळी. शेवटी जागेला एक नंबर न् त्याखाली सगळी रूपं हातानं भरली. कंटाळवाणं काम आहे, पण चालतंय.

येळ्ळूरचा_पोरगा:
आणि पानातल्या मधल्याच एका वाक्याला रेकॉर्डिंग जोडायचं असलं तर? अक्षरं मोजून जागा ठेवली होती, वर एक ओळ वाढवली की सगळं सरकलं.

टेबलवाली_ताई:
सरकणारच. ते वाक्य जसंच्या तसं ठेव, शिवाय त्याच्या आधीचा न् नंतरचा थोडा मजकूर. वेब अ‍ॅनोटेशनच्या (वेबपानाला टिपा जोडायच्या) २०१७ च्या स्टँडर्डमध्ये जागा दाखवायचा हाच सिलेक्टर आहे. वाक्यच बदललं तर मात्र लिंक सुटते, तेवढ्या सुटलेल्यांची यादी दाखवणारं एक पान करून ठेव. आणि पत्त्यात गावाचं नाव नको, नंबर घाल.

येळ्ळूरचा_पोरगा:
होय ताई, आजच बसतो. हलगीचं लक्षातच आलं नव्हतं, आमच्या जत्रेच्या पानावर सहा वेळा आलीय 😅