गळतीचे कारण केवळ कुवत आणि पैसा नव्हे

पदवी अर्धवट सोडणाऱ्यांची तयारी कच्ची असते किंवा पैसा अपुरा पडतो, असे म्हटले जाते. ही कारणे खरी असली, तरी सारख्याच गुणांच्या आणि सारख्याच परिस्थितीतल्या दोघांपैकी एकच का टिकतो, याचा उलगडा त्यांतून होत नाही. शिक्षणाचे अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांच्या आत्महत्येविषयीच्या सिद्धांताचा (समाजात न सामावलेली व्यक्ती आत्महत्येकडे वळण्याचा संभव अधिक) आधार घेऊन असे मांडले, की विद्यार्थी संस्थेच्या शैक्षणिक आणि सामाजिक जीवनात कितपत सामावतो, यावर पदवीचे ध्येय आणि त्या संस्थेशी असलेली बांधिलकी घट्ट किंवा सैल होत जाते.

मात्र ही मांडणी नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना तितकीशी लागू पडत नाही. बीन आणि मेट्झनर या संशोधकांनी १९८५ मध्ये अशा विद्यार्थ्यांबाबत कामाचे तास, कौटुंबिक जबाबदारी आणि बाहेरून मिळणारे प्रोत्साहन यांना अधिक महत्त्व दिले. अभ्यासाची बाजू चांगली असूनही बाहेरची परिस्थिती प्रतिकूल असेल, तर विद्यार्थी जातो, आणि याच्या उलट स्थितीत तो टिकू शकतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. मला हे फार मोलाचे वाटते, कारण त्यामुळे सोडून जाणाऱ्याच्या जिद्दीवर संशय घेण्याआधी वेळापत्रकाकडे पाहावे लागते.

शिवाय नापास होऊन काढला गेलेला, दुसरीकडे प्रवेश घेतलेला आणि तात्पुरता थांबलेला विद्यार्थी एकाच आकड्यात मोजला, तर त्यांपैकी कोणालाच योग्य मदत पोहोचत नाही.