इंटर्नच्या तीन महिन्यांच्या ग्रामीण पोस्टिंगचा आराखडा: शिबिरांपलीकडे काय?

वऱ्हाडी_दंतवैद्य:
नमस्कार मंडळी. विदर्भातल्या एका खासगी डेंटल कॉलेजात पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्री शिकवते. प्राचार्यांनी फर्मान काढलंय, "काहीतरी मॉडर्न, कम्युनिटी-ओरिएंटेड करून द्या, पुढच्या बॅचपासून लावू." मीटिंगमध्ये मॉडर्न म्हटलं की सगळे थ्री-डी प्रिंटर आणि स्कॅनरवरच बोलतात. ते आणा बापडे, मला काही म्हणायचं नाही.

बीडीएसच्या इंटर्नशिपमधले तीन महिने कम्युनिटी डेंटिस्ट्री आणि ग्रामीण सेवेसाठी आधीच राखलेले आहेत. म्हणजे नवीन परवानगी कुणाची नको, आहे तो वेळ नीट वापरायचाय. सध्या बस निघते, देवळाच्या सभामंडपात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडतात, आरसा-प्रोब-टॉर्च, फॉर्म, टूथपेस्टची पुडी, सरपंचांचा सत्कार, ग्रुप फोटो, सहाच्या आत परत. ज्यांना "कॉलेजला या" म्हणून चिठ्ठी दिली त्यातले किती आले, याची नोंद आमच्याकडे नाही. आणि पोरं त्या गावात पुन्हा पाय ठेवत नाहीत.

एकच गाव कायमचं धरावं का? आणि पोरांचं मूल्यमापन कशावर करावं? सरकारी दवाखान्यात काम केलेल्यांनी सांगितलं तर बरं होईल.

ठणका:
मॅडम, मी निवृत्त दंतशल्यचिकित्सक. उभी नोकरी चंद्रपूर जिल्ह्यातल्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत गेली. थोडं तोंड सुटेल, सांभाळून घ्या.

शिबिर बंद करू नका, पण ते पहिल्या दिवसाचं काम समजा. एकच आरोग्य उपकेंद्र आणि त्याखालची गावं धरा. पहिल्या बॅचने केलेली यादी दुसऱ्या बॅचच्या हातात द्या. "किती दात काढले" हे विचारूच नका. विचारा, चिठ्ठी दिलेला माणूस पोचला का, आणि नसेल तर का नाही? तिथे खरा अभ्यासक्रम सुरू होतो. एकाची मजुरी बुडते. एकीला दुपारनंतर परतीची एसटी नाही. एकाचा ठणका थांबला म्हणून तो विसरला (नस मेली की दुखणं थांबतं, कीड नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं). आणि एका आजीला पक्कं माहीत आहे की वरची दाढ काढली की नजर जाते. पहिल्या दोघांसाठी ओपीडीची वेळ बदलावी लागते. आजीसाठी आशाताई लागतात, तिथे तुमच्या पोस्टरचा काही उपयोग नाही.

दुसरं, प्रत्येक इंटर्नला एक अख्खी दुपार पानठेल्यावर बसवा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पण आपल्याकडचा खर्रा ठेल्यावरच सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून तयार होतो. किती वर्षांची पोरं येतात, दिवसात कितीदा येतात, नुसतं बघू द्या. मग सबम्युकस फायब्रोसिसचा (गाल आतून ताठ होत तोंड उघडेनासं होतं, तो आजार) धडा घ्या. आपण पोरांना "तीन बोटं तोंडात जातात का" हे शिकवतो, पण बोटं जात नाहीत तोवर उशीर झालेला असतो. पेशंट त्याच्या कितीतरी आधी सांगत असतो की, डॉक्टर, हल्ली ठेचा सहन होत नाही, वरण-भातही झोंबतो. ते वाक्य ऐकलं की गाल आतून चाचपायचा, पांढुरके पट्टे लागतात का बघायचं. हे ऐकायची सवय कॉलेजच्या एसी ओपीडीत लागत नाही.

आणखी एक. "तंबाखू सोडली साहेब, आता नुसती सुपारी" असं अभिमानाने सांगणारे ढीगभर भेटतील. या आजाराचं मूळच सुपारीत आहे. सुपारी एकटीही कर्करोगकारक आहे, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच नोंदवलंय. इंटर्नला हे तोंडपाठ असतं. पण समोर बसलेल्या ट्रॅक्टर ड्रायव्हरला ते त्याचा अपमान न करता सांगायला जमतं का, ते बघा. मार्क त्याचे द्या.

चंद्रपूर-यवतमाळच्या काही पट्ट्यांत पोरांच्या दातांवर तपकिरी डाग दिसतील. ब्लीचिंगचा विचार मनात यायच्या आधी हापशाचं पाणी तपासायला पाठवा. फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर असेल तर ग्रामपंचायतीला पत्र, ग्रामसभेत विषय, दुसरा स्रोत कुठला याची चौकशी. एका बॅचने एवढं तडीस नेलं तरी भरून पावलो.

इंटर्न_आहे_अजून:
सरांचं सगळं मान्य, पण आमची बाजू ऐका. हे तीन महिने म्हणजे नीट-एमडीएसचा, म्हणजे पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा, अभ्यास करायची मोकळीक, असंच सगळे धरून चालतात. इंटर्नशिपला मार्क नसतात, सर्टिफिकेट मिळतं. लॉगबुकवर महिन्याभराच्या सह्या एका बैठकीत होतात. पानठेल्यावर बसवलं तर पोरं तिथेही मोबाइलवर एमसीक्यू सोडवतील.

त्यामुळे हे इंटर्नशिपला नाही, फायनल इयरला सुरू करा. पब्लिक हेल्थचा पेपर आणि प्रॅक्टिकल तिथे आहे, इंटर्नल मार्क मॅडम तुमच्याच हातात आहेत. बाकी विभागांचा ठरलेल्या केसेसचा कोटा पुरा करायला आम्ही आत्याला, मामाला रिक्षाभाडं देऊन खुर्चीत बसवतो. तीच फिलिंग गावात केली तर कोट्यात धरा. ड्रिल नको, लाइट नको, हातातल्या अवजारांनी कीड काढून ग्लास आयोनोमर (दात भरायचं सिमेंट) भरायचं, एवढं तर शाळेच्या बाकावरही होतं. पण कॉन्सचे (दात भरण्याच्या विभागाचे) सर सही करतील का, हे तुम्ही आधी विचारून घ्या. पोरगं दोन विभागांच्या भांडणात सापडतं.

आणि राहायची सोय. मुलींच्या बॅचला संध्याकाळी सहाची बस का लागते, हे तुम्हाला सांगायला नको.

झेडपी_गुरुजी:
मी दातांतला नाही, शाळेतला आहे. आमच्याकडे दरवर्षी एक टीम येते. मोठा प्लास्टिकचा जबडा आणि हातभर ब्रश घेऊन दात घासायला शिकवते. पोरांना जबडा फार आवडतो. मग मधल्या सुट्टीत पोरं फाटकासमोरच्या दुकानात जातात, तिथे गोड सुपारीची पुडी टांगलेली असते. ती पुडी आजवर एकाही डॉक्टरने मला दाखवून विचारलेली नाही.

दुसरं म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येऊन तपासणी करतंच, दातांचीही. तुमचे फॉर्म वेगळे, त्यांचे वेगळे, आणि पोराची दाढ आहे तशीच. दोघे एकाच दिवशी या की. पालकसभाही त्याच दिवशी ठेवतो.

ठणका:
गुरुजींनी पालकसभेचं काढलं ते बरं झालं. लहान मुलांच्या किडीवर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड (कीड थांबवणारं द्रव औषध) लावा. थेंबाचं काम, सुई नाही, रडारड नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते २०२१ पासून आहे. पण कीड काळी पडते, कायमची. आईला आधी फोटो दाखवून हो म्हणवून घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी "पोराचे दात जाळले" म्हणून गाव शाळेत येईल. हे समजावणं हाच इंटर्नचा धडा.

इंटर्नबाळ, फायनल इयरचं तुझं म्हणणं पटलं. तरी इंटर्नशिप सोडू नका. फायनलला ज्यांची यादी केली तीच माणसं इंटर्न झाल्यावर त्याच पोराच्या वाट्याला द्या. ओळखीच्या माणसाला टाळणं अवघड जातं.

वऱ्हाडी_दंतवैद्य:
सर्वांचे आभार. यातलं एवढं मांडते: एक उपकेंद्र, फायनल इयरपासून यादी, तीच यादी इंटर्नशिपला, आणि इंटर्नल मार्कांतला मोठा वाटा चिठ्ठीच्या पाठपुराव्याला. कॉन्सच्या सरांना सोमवारी गाठते. ते नाही म्हणाले तर गावातल्या फिलिंगवर मीच सही करेन आणि प्राचार्यांना लेखी कळवेन. राहायच्या सोयीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्वार्टरची चौकशी करते.

ठणका सर, ओपीडी आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवावी की तो दिवस टाळावा?

ठणका:
बाजाराच्या दिवशीच. सकाळी साडेनऊच्या आत सुरू करा, माणसं बाजार करून दुपारच्या गाडीने परततात. आणि इन्स्ट्रुमेंट निर्जंतुक करायचे कुकर दोन ठेवा, एक नेमका त्याच दिवशी बिघडतो.