‘प्रति प्रवासी किलोमीटर’ मराठीत कसं लिहायचं?

कोपरी: ब्रिटनचं रेल्वे आणि रस्ते नियामक कार्यालय दरवर्षी रेल्वेच्या कर्ब-उत्सर्जनाची आकडेवारी काढतं. आमच्या प्रवासी संघटनेच्या अंकासाठी त्यावर लिहिते आहे. मुख्य आकडा असा: एका प्रवाशाला एक किलोमीटर नेताना किती ग्रॅम. मी ‘प्रति प्रवासी किलोमीटर’ लिहिलं. मुद्रितशोधक विचारतात, हे ‘प्रति’ लागतं कुणाला, प्रवाशाला की किलोमीटरला? नेमकं कळायलाच हवं, कारण २०२०-२१ मध्ये तिथलं एकूण उत्सर्जन घटलं आणि हा आकडा मात्र चढला. गाड्या धावत होत्या, माणसं घरी होती.

नौपाडा: ताशी, दरडोई, तसं ‘माणशी’ आहे की! ‘माणशी दर किलोमीटरला इतके ग्रॅम.’

पनवेल आगार: माणशी नको. प्रवासी-किलोमीटर हे जोड एकक आहे. चाळीस जण दहा किलोमीटर गेले की चारशे प्रवासी-किलोमीटर. मधे जोडरेघ द्या, पुढे ‘मागे’ लावा: प्रवासी-किलोमीटरमागे. माझी नोकरी एसटीत झाली. गाडी किती भरली हे आम्ही ‘भारमान’ या शब्दाने ओळखतो. गाडी रिकामी असली म्हणून डिझेल फारसं वाचत नाही, आणि लिटरमागे साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतोच. भारमान पडलं की माणसामागचा वाटा वाढला. हा शब्द लेखात येऊ द्या. खोपटच्या स्थानकात कुठलाही वाहक त्याचा अर्थ सांगेल.

घणसोली: माझी अडचण ‘उत्सर्जन’शी आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना उत्सर्जन म्हटलं की मूत्रपिंडाचा धडा आठवतो. सरळ ‘धूर’ का म्हणू नये?

नौपाडा: मग विजेवरची गाडी सुटली हिशेबातून. लोकलला धूर नाही, पण तिची वीज बरीचशी कोळशाची. आपल्या देशात युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पडतो. ई-बसला ‘शून्य उत्सर्जन’ म्हणतात ते मला म्हणूनच खटकतं, ‘धूरविरहित’ म्हणा. आणि उत्सर्जन उत् + सृज् वरून, सोडून देणं. विसर्जनही त्याच धातूचं. शरीराने सोडलं काय, चिमणीने सोडलं काय.

घणसोली: वाचक शब्दाचा धातू काढून वाचत नाही. जो अर्थ शाळेत आधी भेटला तोच चिकटतो.

ऐरोली: मला ‘कर्ब’च नको. कार्बन सगळ्यांना कळतो. पुढे ‘समतुल्य’ लिहाल तेही टाळा, सम आणि तुल्य म्हणजे एकच.

कोपरी: ते लागणारच. मिथेनसारखे वायूही कार्बन डायऑक्साइडच्या मापात धरतात. शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो मिथेन म्हणजे साधारण २८ किलो. नुसतं ‘तुल्य’ वाक्यात लटकतं.

पनवेल आगार: आणि कर्ब कुठे मेलाय? माती परीक्षणाचा कागद बघा, ‘सेंद्रिय कर्ब’ छापलेलं असतं. माझा भाऊ शेती करतो, त्याच्या रोजच्या बोलण्यात आहे.

ऐरोली: मातीतला मान्य. पण वर तुम्हीच ‘कार्बन डायऑक्साइड’ लिहिलंत, कर्बवायू नाही.

पनवेल आगार: मुद्दाम लिहिलं. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत मर्यादा मोनॉक्साइडला असते, डायऑक्साइडला नाही. नुसतं कर्बवायू म्हटल्यावर दोन्हींतला फरक कसा दाखवणार?

घणसोली: जुना शब्द आहे ना, ‘कर्बद्विप्राणिद’. त्यात ‘द्वि’ आहे, प्राणवायूही आहे. एकदा फोड करून सांगितली की मुलं विसरत नाहीत.

ऐरोली: अंक प्रवासी वाचणार आहेत, ताई, तुमचे विद्यार्थी नाहीत.