मदत हवी आहे: थँक्सगिव्हिंगच्या जेवणातले मीठ, साखर आणि लोणी कमी करायचे आहे

नमस्कार.

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाचे जेवण यंदा प्रथमच आमच्या न्यू जर्सीच्या घरी आहे. मुलीचे सासर अमेरिकन आहे, आणि इतकी वर्षे हे जेवण स्वतः रांधणाऱ्या विहीणबाईंनी या वेळी ते विश्वासाने माझ्याकडे सोपवले आहे. एकूण दहा माणसे जेवायला असतील. व्याह्यांची या वर्षी अँजिओप्लास्टी झाली असून डॉक्टरांनी त्यांना दिवसाला १,५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सोडियम घेऊ नका असे सांगितले आहे, माझ्या यजमानांना मधुमेह आहे, आणि माझ्या सासूबाई शाकाहारी असून अंडेही खात नाहीत.

गेल्या वर्षी मी त्यांच्याकडे रताळ्यांचा पदार्थ करून नेला होता. वरचे मार्शमॅलो (साखरेच्या मऊ गोळ्या) आणि ब्राऊन शुगर काढून मी त्याला जिरे-मिरचीची फोडणी दिली होती. विहीणबाईंनी मायेने दोन चमचे वाढून घेतले, पण बाकीचे भांडे भरलेलेच परत आले. दिवाळीच्या फराळात चकलीच्या जागी कोणी भाजलेले मखाने ठेवले, तर आपल्यालाही काहीतरी चुकल्यासारखे वाटेलच. म्हणून या वेळी पदार्थ तेच ठेवायचे आणि फक्त आतले घटक बदलायचे, असे मी ठरवले आहे.

टर्कीची मला फारशी चिंता नाही. कातडी काढली की तिच्या छातीचे मांस मुळातच कमी चरबीचे असते. मात्र दुकानातल्या पुष्कळ टर्कींमध्ये मिठाच्या पाण्याचे द्रावण आधीच टोचलेले असते आणि ते वेष्टनावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते, म्हणून तसे द्रावण नसलेली चौदा पाउंडांची टर्की मी सांगून ठेवली आहे. कातडीखाली लिंबाची साल, सेज व रोझमेरीची सुगंधी पाने आणि ठेचलेला लसूण चोळून, मांडीच्या जाड भागात १६५ अंश फॅरनहाइट तापमान येईपर्यंत ती भाजायची आहे.

खरी अडचण फरसबीच्या कॅसरोलची, म्हणजे दाट रसात घालून ओव्हनमध्ये भाजलेल्या फरसबीची आहे. हा पदार्थ १९५५ साली आमच्याच राज्यातल्या कॅम्डेनमध्ये, कॅम्पबेल सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली यांनी तयार केला, आणि त्याचा पायाच मुळी मश्रूमच्या घट्ट सुपाचा डबा हा आहे. अशा डबाबंद सुपांच्या अर्ध्या कपातच साधारण ८०० मिलिग्रॅम सोडियम असू शकते, म्हणजे व्याह्यांचा निम्म्याहून अधिक दिवस त्यातच संपला. गेल्या रविवारी मी ताजी मश्रूम कोरडी होईपर्यंत परतली, त्यांवर चमचाभर मैदा भाजला, कमी स्निग्धांशाचे दूध घालून ते आटवले आणि वर तळलेल्या कांद्याऐवजी ओव्हनमध्ये कुरकुरीत केलेला कांदा पसरला. चव चांगली आली, पण अर्ध्या तासात फरसबीला पाणी सुटून तळाशी पांढरट, पातळ रस साचला. फरसबी आधी उकडून, बर्फाच्या पाण्यात टाकून, फडक्यावर पूर्ण कोरडी केली तर हे टळेल का? की मैद्याऐवजी दुसरे काही वापरावे?

दुसरा प्रश्न स्टफिंगचा, म्हणजे टर्कीत भरायच्या पावाच्या सारणाचा आहे. सासूबाईंनाही खाता यावे म्हणून ते टर्कीच्या पोटात न भरता वेगळ्या भांड्यात भाजणार आहे, आणि निम्म्या पावाच्या जागी मिनेसोटाचा वाइल्ड राइस, सेलरी, सफरचंद आणि अक्रोड घालणार आहे. मात्र बिनमिठाच्या भाज्यांच्या स्टॉकमध्ये पाव भिजवला की सगळे सपक लागते. वाळवलेल्या मश्रूमचे पाणी घालून थोडा फरक पडला, पण तेवढा पुरेसा नाही. मीठ न वाढवता चवीला भरीवपणा आणण्याचा उपाय कोणी करून पाहिला असेल तर कृपया सविस्तर लिहावे.

क्रॅनबेरी सॉसच्या नेहमीच्या कृतीत बारा औंस फळांना एक कप साखर लागते. अर्धा कप साखर आणि संत्र्याचा रस घालूनही तो छान आळला, कारण क्रॅनबेरीत पेक्टिन हा आळवणारा घटक भरपूर असतो. याहूनही साखर कमी करताना तुरटपणा कसा सांभाळावा, हे जाणून घ्यायला आवडेल. रताळी या वेळी सालीसकट भाजून, दालचिनी आणि पेकान (अक्रोडासारखा सुका मेवा) घालून, वर मोजकेच मार्शमॅलो ठेवणार आहे. कारण ते पाहिल्यावरच नातवंडे भांड्याकडे वळतात.

शेवटचा प्रश्न भोपळ्याच्या ‘पाय’चा (pie), म्हणजे पारीत सारण भरून भाजलेल्या गोड पदार्थाचा. पारी वगळून केवळ आतले सारण छोट्या वाट्यांत लावायचे आहे, आणि त्यासाठी साखर-मसाले घातलेला तयार डबा न घेता निव्वळ भोपळ्याच्या गराचा डबा आणला आहे. पण सारण घट्ट होते ते अंड्यांमुळे. सासूबाईंच्या वाटीसाठी चायना ग्रास वापरले तर पोत खरवसासारखा मऊ राहील, की जेलीसारखा थरथरेल? कॉर्नफ्लोअर घालून कोणी केले असल्यास त्याचेही प्रमाण द्यावे.

आमच्याकडे ओव्हन एकच आहे आणि गुरुवारी दुपारपर्यंत तो टर्कीने अडलेला असेल, त्यामुळे बुधवारी रात्री करून ठेवता येईल आणि दुसऱ्या दिवशी फक्त गरम करावी लागेल अशी कृती असेल तर ती आधी सांगावी.